खोकला आहे का?

नमस्कार श्रोतेहो. पोळा झाला, झडी उघडली, आणि आता घरोघरी कुणी ना कुणी खोकतंय. विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही, वातावरण बदललं." मेडिकलवरून गोळ्या आणल्या, फारच झालं तर एक सलाईन लावलं, की माणूस वावरात हजर. बहुतेक जण आठवडाभरात बरेही होतात. मला आज बोलायचंय ते याच, बऱ्या होणाऱ्या तापाबद्दल.

आरोग्य खातं याला फ्लूसदृश आजार म्हणतं. गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये 100.4 किंवा त्याहून जास्त ताप, आणि सोबत खोकला. बस, एवढंच. आपल्याकडे याच दिवसांत डेंग्यू, मलेरिया आणि बारीक किडे चावून होणारा स्क्रब टायफस हे तापाचे आजारही असतात. म्हणून सिस्टर "खोकला आहे का?" असं विचारते, तेव्हा तो प्रश्न सहज विचारलेला नसतो.

उपकेंद्रातले अशा रुग्णांचे आकडे जिल्ह्याला जातात. 2004 पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात हे काम चालू आहे. पूर्वी आठवड्याचा कागद जायचा, 2021 पासून माहिती ऑनलाइन भरतात. गावात तापाचे पाच रुग्ण, यावरून काहीच कळत नाही. पण मागच्या आठवड्यात एक होता आणि या आठवड्यात बारा झाले, तर पथक गावात यायला हवं. मग काही मोजक्या रुग्णांच्या घशातला, नाकातला स्वॅब थंड पेटीतून प्रयोगशाळेत जातो. देशभरातल्या अशा नमुन्यांतले विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत अभ्यासले जातात. फ्लूच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते, तेही जगभरातून आलेल्या अशाच माहितीवर.

आता अडचण बघा. मेडिकलवरून गोळी घेणारा कुठल्याच आकड्यात येत नाही. अर्धं गाव खोकत असतं आणि कागदावर गाव ठणठणीत! गोळी कुठूनही घ्या, पण आशाताईला एक शब्द सांगा: घरात ताप-खोकला आहे, अमुक जणांना. नाव लागेल म्हणून घाबरू नका, कोणी उचलून नेत नाही. कोरोनातली ती धास्ती अजून गेलेली नाही, हे मला माहीत आहे.

कोंबड्यांचंही सांगतो. 2024 च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने, म्हणजे पक्ष्यांच्या फ्लूने दगावले. त्यामुळे परसातल्या कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर त्या कापून खाऊ नका, उकिरड्यावरही टाकू नका. जनावरांच्या दवाखान्यात कळवा.

गरोदर बाई, लहान लेकरू, म्हातारी माणसं, शुगर किंवा दम्याचा रुग्ण यांना ताप-खोकला झाला तर मात्र वाट पाहू नका. फ्लूवरची ऑसेल्टामिविर ही गोळी पहिल्या 48 तासांत सुरू केली तर जास्त गुण देते, आणि डॉक्टर ती रिपोर्ट यायच्या आधीही सुरू करू शकतात. धाप लागली, ओठ निळसर पडले, लेकरू दूध ओढेनासं झालं, तर 108 ला फोन करा.