अल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाउस

दक्षिण इंग्लंडमधलं ससेक्स. ककमिअर नदीकाठचं अल्फ्रिस्टन गाव. सेंट अँड्र्यूच्या चर्चशेजारी गवतानं शाकारलेलं हे घर दिसतंय, त्याचं नाव क्लर्जी हाउस. म्हणजे पाद्र्यांचं घर.

पण नाव क्षणभर बाजूला ठेवा आणि घराची ठेवण बघा. मधोमध मोठं दालन, जमिनीपासून थेट छपरापर्यंत मोकळं. दोन्ही टोकांना दुमजली खोल्या, त्यांचा वरचा मजला थोडा पुढे काढलेला. त्यामुळे मधला भाग आत सरकल्यासारखा दिसतो. छप्पर मात्र सगळ्यावर एकच. ही ‘वील्डन’ पद्धत. केंट-ससेक्समधले खाऊन-पिऊन सुखी शेतकरी चौदाव्या-पंधराव्या शतकात अशी घरं बांधत. १३४८ साली प्लेग इंग्लंडात शिरला, माणसं मेली, मजुरी वाढली. वाचलेल्यांपैकी काहींच्या हाती जमीन आली, पैसाही आला. हे घर चौदाव्या शतकातलं. नाव पाद्र्यांचं असलं, तरी बांधणी सधन शेतकऱ्याच्या घराचीच आहे.

आता आत या. ओकच्या लाकडाचा सांगाडा, मधे कुडाच्या भिंती. दालनाला धुराडं नव्हतं. चूल जमिनीवर पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. पायाखाली बघा: खडूचा मऊ दगड कुटून चोपलेली जमीन, आणि ती पक्की करायला वरून आंबलेलं दूध! शेणानं सारवलेल्या घरात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

वर तुळईजवळ ओकचं एक पान कोरलंय. जुन्या वास्तू आणि निसर्ग जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या ब्रिटिश संस्थेचं बोधचिन्ह त्यावरूनच आलं, असं म्हणतात.

ट्रस्टचा संबंध असा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घर मोडकळीला आलं, पाडायचंही ठरत होतं. गावच्या व्हिकरनं, म्हणजे पाद्र्यानं, ते वाचवायची खटपट केली. ट्रस्टची स्थापना १८९५ची. ऑक्टेव्हिया हिल या तिच्या संस्थापकांपैकी एक. पुढच्याच वर्षी ट्रस्टनं हे घर विकत घेतलं, अवघ्या दहा पौंडांना. ट्रस्टनं घेतलेली ही पहिली इमारत. एखादा किल्ला नाही, उमरावाचा वाडा नाही, कुडाचं घर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुरुस्ती आल्फ्रेड पॉवेल या वास्तुकारानं केली. जुनं शक्य तितकं ठेवायचं, नवं फक्त गरजेपुरतं, अशा बेतानं. खर्च अर्थातच दहा पौंडांच्या कित्येक पट झाला.