उत्तर न देणारं जहाज

नमस्कार. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. इतिहास हा माझा विषय नाही, हे आधीच सांगते. तरी आज बोलायला उभी आहे, कारण माझे आबा, म्हणजे आईचे वडील, दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत रेडिओ मेकॅनिक होते.

आरमार आणि रत्नागिरी ही जोडी जुनीच. युद्धापूर्वी या नौदलाचे बरेचसे खलाशी आपल्या कोकणी मुसलमान वस्त्यांतून जायचे. युद्ध लागलं तेव्हा सगळं नौदल दोन हजार माणसांचंही नव्हतं, ते संपेपर्यंत तीस हजारांच्या घरात गेलं. मग शिकलेली पोरं हवी झाली. ज्याला इंग्रजी वाचता येतं तो बिनतारीकडे. आबा 1942 साली मॅट्रिक होऊन भरती झाले आणि थेट मुंबईच्या कुलाब्याला 'तलवार'वर गेले.

'तलवार' हे जहाज नव्हे. ती सिग्नल शाळा, चक्क जमिनीवरच्या बराकी. पण नौदलाचा रिवाज असा की बराकीलाही जहाज म्हणायचं. फाटकाबाहेर चहा प्यायला जायचं तरी 'किनाऱ्यावर जातो' म्हणायचं. आबा शेवटपर्यंत बाजारात जाताना आजीला तेच सांगायचे. आजी म्हणायची, मग येताना मासे आणा.

आता कामाचं सांगते. आपल्याला वाटतं, जहाजावरचा बिनतारीवाला म्हणजे सारखा कडकट्ट करत बसलेला माणूस. प्रत्यक्षात युद्धात जहाजानं बोलायचंच नसतं. तुम्ही मोर्सची कळ दाबलीत, लहर निघाली, की दोन ठिकाणांहून तिची दिशा पकडता येते. नकाशावर दोन रेघा ओढा, त्या छेदतात तिथे तुम्ही सापडलात. म्हणून किनाऱ्यावरचं केंद्र ठरल्या वेळी सांकेतिक निरोप पाठवत राही आणि जहाजं नुसती ऐकत. पोचला, मिळाला, काही नाही. प्रत्येक निरोपाला क्रमांक असे. सत्तेचाळीसनंतर एकदम एकोणपन्नास आला, तर अठ्ठेचाळीस हुकला एवढं कळे. पण 'पुन्हा सांगा' म्हणायची सोय नव्हती. पुन्हा पाठवतील त्याची वाट बघायची.

म्हणजे ऐकणारं यंत्र बंद पडलं की जहाज बहिरंच झालं. तिथे आबांचं काम सुरू होई. त्यांचा शत्रू जपानी कमी आणि खारं वारं जास्त. एरियलच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरांवर मिठाचा थर चढतो आणि करंट गळायला लागतो, मग गोड्या पाण्याच्या फडक्यानं ते पुसायचे. आपल्याच तोफा उडाल्या की हादऱ्यानं व्हॉल्व, म्हणजे सेटमधल्या काचेच्या नळ्या, बैठकीतून सैल व्हायचे, कधी आतली तार तुटायची. दमटपणानं कागदी कंडेन्सर ओल धरायचे. आबा नाकानं ओळखायचे म्हणे: राळेचा वास आला तर कुणीतरी नुकताच सोल्डर मारलाय, जळक्या वार्निशचा आला तर ट्रान्सफॉर्मर गेला.

इथे जरा थांबते, कारण माझ्या विद्यार्थ्यांनाही हे पटकन पटत नाही. रेडिओ नुसता ऐकतो, असं आपण मानतो. तसं नाही. स्टेशन पकडायला सेटच्या आत एक छोटं आंदोलन चालू असतं, आणि त्या काळच्या साध्या सेटमधून त्यातलं थोडं एरियलमार्गे बाहेर गळायचं. अगदी अशक्त, पण पाणबुडी जवळ असेल तर धोकाच. म्हणून खलाशांना स्वतःचे रेडिओ लावायला बंदी होती. गाणं ऐकण्यानंसुद्धा माणूस सापडतो!

1945 च्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यावर चढाई झाली. अक्याब, रामरी, मग कांगॉ. 'नर्मदा' आणि 'जमना' ही आपली जहाजं तिथल्या खाड्यांत शिरून तोफा डागत होत्या. आबा एका लहान बोटीवर होते. तिथल्या खाडीला चौंग म्हणतात. दोन्ही बाजूंना कांदळवन, चिखल, भरती-ओहोटी, 'थेट आपली खाडी' असं ते म्हणायचे. लढाईबद्दल याहून फारसं नाही. सेटमध्ये बुरशी यायची, हे मात्र चारदा सांगायचे.

युद्ध संपलं. पोरं मुंबईला परत आली ती त्याच जेवणाकडे, गोऱ्यांच्या निम्म्याहून कमी पगाराकडे आणि वरिष्ठांच्या शिव्यांकडे. 18 फेब्रुवारी 1946 ला 'तलवार'वर न्याहारी नाकारली गेली आणि संप सुरू झाला. बी. सी. दत्त नावाच्या टेलिग्राफिस्टला भिंतींवर घोषणा रंगवल्याबद्दल आधीच अटक झाली होती. संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान सिग्नलवाले, उपाध्यक्ष मदन सिंग टेलिग्राफिस्ट.

पुस्तकांत लिहितात की संप 'वणव्यासारखा' पसरला. मला हा शब्द पटत नाही. वणवा आपोआप पसरतो. हा पसरवला गेला, आणि कोणी, ते वरच्या नावांच्या हुद्द्यांतच आहे. बातम्या आकाशवाणीवरूनही जात होत्याच. पण ज्या शाळेनं शेकडो जणांना निरोप ऐकायला आणि उत्तर न द्यायला शिकवलं, तिथूनच पहिला निरोप निघाला, आणि या वेळी जहाजांनी उत्तर दिलं. सुमारे 78 जहाजं, 20 तळ, वीस हजार माणसं. मुंबईच्या बंदरात काँग्रेसचा, लीगचा आणि कम्युनिस्टांचा झेंडा एकाच काठीवर चढला. 22 तारखेला कराचीत 'हिंदुस्तान' या संपातल्या जहाजावर तोफा डागल्या गेल्या. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं गेली. 23 ला संप मागे घेतला गेला. कित्येकांना काढून टाकलं, आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना परत घेतलं नाही.

आबा त्यांतलेच. पुढे त्यांनी रत्नागिरीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान घातलं. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, संपात तुम्ही काय केलंत? घोषणा दिल्यात?

त्यांनी चष्मा वर सरकवला. म्हणाले, "अगो, पाच दिवस कुणी कामाला हात लावला नाही. माझीच काय ती चुकली नाही ड्युटी. सेट चालू ठेवायचे म्हणजे बॅटऱ्या कोण चार्ज करणार?"