मलप्रभेचे उशिरा येणारे उत्तर

दर पावसाळ्यात हब्बनहट्टीचे मारुती मंदिर मलप्रभेच्या पाण्याखाली गेल्याची बातमी येते आणि खानापूर तालुक्यातले आपण सगळे ती पावसाची बातमी म्हणून वाचतो. मंडळी, माझे म्हणणे एवढेच आहे की नदीला आलेले पाणी त्या आठवड्याच्या पावसाचे जितके असते, तितकेच तो पाऊस ज्या जमिनीवर पडला तिच्या गेल्या पन्नास-शंभर वर्षांचेही असते. जमिनीत बदल झाला की भूभाग त्याला उत्तर देतो. मात्र ओढ्याचे उत्तर काही तासांत येते, विहिरीचे दोन-चार उन्हाळ्यांनी, जंगलाचे पिढीभराने आणि नदीपात्राचे कधी कधी त्याहूनही सावकाश. हा उशीर ध्यानात न घेतल्यामुळे कारण एका काळात घडते आणि दोष दुसऱ्याच काळाला लागतो.

कणकुंबीला, म्हणजे मलप्रभेच्या उगमापाशी, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो, बेळगावात तेराशेच्या आसपास आणि सौंदत्तीत जेमतेम सहाशे. ओल्या मुलखाचे पाणी कोरड्या मुलखात नेणारी ही नदी असल्यामुळे वरच्या जंगलाची स्थिती खालच्या शेतकऱ्याच्या दाराशी पोहोचते. जंगल पाणी निर्माण करते, असे भाषणांतून सर्रास सांगितले जाते, पण ते बरोबर नाही; झाडे पाणी पितात, आणि बरेच पितात. जंगलाचे खरे काम पाणी मुरवून सावकाश सोडण्याचे. पालापाचोळ्याचा थर पावसाचा मारा सोसतो, मुळांनी सैल झालेली माती पाणी आत घेते, आणि जांभ्याच्या भेगांतून ते पाणी पौष-माघापर्यंत ओहोळांत पाझरत राहते. झाडी तोडल्यावर पहिली काही वर्षे ओढ्याचे एकूण पाणी वाढलेलेही दिसते, कारण पिणारे कमी झालेले असतात. त्यामुळे काहीच बिघडले नाही असा समज होतो. पुढे उघडी माती दबते, वाहून जाते, मोकळ्या जागी रानमोडीचे तण माजते, आणि चैत्रातला झरा आटल्याचे लक्षात येईपर्यंत ती तोड कुणाच्या आठवणीतही उरत नाही.

सौंदत्तीजवळ मलप्रभेवर नविलुतीर्थचे धरण झाले तेव्हा खालच्या गावांत महापुराची भीती सरल्यासारखी वाटली, आणि ती समजूत अगदीच निराधार नव्हती. वर्षानुवर्षे मोठे पाणी न आल्याने पात्र आकसले, काठांवर गाळ साचून झाडोरा वाढला, आणि रिकाम्या दिसणाऱ्या पात्रात शेतीची हद्द हळूहळू आत सरकली. ऑगस्ट 2019 मध्ये धरणातून मोठा विसर्ग करावा लागला, तेव्हा पाण्याला जुनी रुंदी हवी होती आणि ती जागा पिकांनी व घरांनी व्यापलेली होती. रामदुर्गाच्या परिसरात तर हाहाकार झालाच, पट्टदकलच्या मंदिरांनाही पाण्याने वेढा घातला. त्या वर्षीचा पाऊस असाधारण होता हे मान्य करूनही, पुराच्या वाटेचा संकोच आपण जवळजवळ अर्धे शतक करत आलो होतो हे विसरता येत नाही.

वाळू उपशाचे उत्तर उलट्या दिशेने येते. पात्रात मोठा खड्डा पडला की त्याच्या वरच्या कडेवर उतार तीव्र होतो, पाणी तिथे तळ खरवडते, आणि ही खरवड हळूहळू नदीच्या वरच्या अंगाला सरकत जाते. त्यामुळे उपसा एका गावी होतो, पुलाचा पाया दुसऱ्या गावी उघडा पडतो, आणि पात्राची पातळी खाली गेल्याने काठची विहीर तिसऱ्याच गावी कोरडी पडते. त्या तिसऱ्या गावाने तक्रार करायची कोणाविरुद्ध?

सर्वांत संथ उत्तर खुद्द घाटमाथा देतो आहे. खानापूर तालुक्यातल्याच देगावजवळ उगम पावणारी म्हादई थोड्याच अंतरात अरबी समुद्र गाठते, तर मलप्रभा कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. पश्चिमेच्या ओढ्यांना तीव्र उतार मिळाल्याने ते माथा मागे मागे कोरत येतात, म्हणजे निसर्गाचा कल पूर्वेचे पाणी पश्चिमेकडे ओढण्याचा आहे. आपला कर्नाटक-गोव्याचा वाद मात्र म्हादईला मिळणारे कळसा आणि भंडुरा हे पश्चिमेचे नाले पूर्वेकडे, मलप्रभेत, वळवण्याचा आहे. म्हादई पाणीतंटा लवादाने 2018 मध्ये कोणाला किती पाणी याचे आकडे ठरवले. वळवण्याच्या न्याय्य-अन्याय्यतेत मी आज शिरत नाही. पण पाणी वळवल्यावर म्हादईच्या खोऱ्यातल्या भीमगड अभयारण्याच्या बाजूला पहिल्या दोन-तीन वर्षांत फरक आढळला नाही, तर फरक पडलाच नाही असे कुणी लिहून ठेवू नये. ती मोजणी किमान वीस वर्षांची हवी, आणि ती मार्च-एप्रिलमधल्या पाण्याची हवी, कारण आषाढात इथला प्रत्येक ओहोळ दुथडी भरलेलाच दिसतो.