पिल्लू आपलीच शी खातंय? आधी ओरडणं थांबवा

नमस्कार श्रोतेहो.

थंडी पडायला लागली की आपल्या सांगली-मिरजेकडे घरोघरी कुत्र्याची नवी पिल्लं येतात. कुणी विकत आणतं, कुणी गल्लीतलं उचलून आणतं. दवाखान्यात आलेली मंडळी लसीचं विचारतात, खाण्याचं विचारतात, आणि जायला उठता उठता आवाज खाली आणून म्हणतात, ‘डॉक्टर, हे आपलीच शी खातंय हो.’ विश्रामबागेतल्या फ्लॅटमधले असोत की तासगावकडच्या वस्तीवरचे, सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच संकोच असतो. आज मी मुद्दाम याच विषयावर बोलणार आहे, कारण या लाजेपोटी माणसं वेळेवर विचारत नाहीत आणि तोवर पिल्लाला मार बसत राहतो.

यात लाजण्यासारखं काही नाही. पिल्लं जन्मल्यावर पहिले तीनएक आठवडे त्यांना आपलं आपण शी-शू करता येत नाही. आई चाटून ती करवते आणि तिथल्या तिथं खाऊन टाकते. त्यामुळे पिल्लांची जागा कोरडी आणि स्वच्छ राहते. पिल्लू वाढतं ते हे बघत. शिवाय त्या वयात समोर आलेली प्रत्येक वस्तू ते तोंडात घालून पाहतं. चप्पल, खडा, वाळलेलं पान, तशीच शी. बहुतेक पिल्लं वाढत्या वयात ही सवय सोडून देतात. आपल्या वागण्यानं ती पक्की होऊ नये, एवढं आपण सांभाळायचं.

ती पक्की होते कशी, ते सांगतो. पिल्लानं हॉलमध्ये घाण केली. घरातलं कुणीतरी ओरडतं, मानगूट धरतं, नाक त्यात घासतं. हॉलमध्ये बसायचं नाही, हे त्या जिवाला यातून कळत नाही. माणूस आणि शी एका जागी आले की मार बसतो, इतकंच ते शिकतं. मग ते सोफ्यामागे जाऊन उरकतं, आणि पुष्कळदा तुमची चाहूल लागायच्या आत खाऊनही टाकतं. काही घरांत पिल्लाच्या तोंडातून ओढून घ्यायला सगळे धावतात. तेव्हा पिल्लाला वाटतं, ही फारच मोलाची चीज दिसते, आणि ते आणखी घाईनं गिळतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की ओरडू नका, मारू नका आणि नाक तर कधीच घासू नका.

आता करायचं काय? शी झाल्यानंतरचं पहिलं अर्धं मिनिट आपल्या हातात ठेवायचं. त्यासाठी त्या वेळी आपण तिथं हजर पाहिजे. पिल्लाच्या वेळा ठरलेल्या असतात. झोपेतून उठलं की, खेळून झालं की, आणि खाल्ल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत केव्हाही. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर दोन-तीन तास कळ काढतं. त्या त्या वेळी गळ्यात पट्टा अडकवून त्याला रोजच्या एकाच जागी न्या. मोकळं सोडू नका.

ते जमीन हुंगत गोल गोल फिरायला लागेल, पाठ कमानीसारखी करून बसेल. तेव्हा काही बोलू नका, निवांत उभे राहा. मुठीत उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा आधीच असू द्या. झालं की पिल्लू हमखास मागं वळून हुंगतं. ते वळायच्या आत आनंदानं त्याचं नाव घ्या, मूठ त्याच्या नाकापाशी न्या आणि दोन-चार पावलं स्वतःकडे ओढून घ्या. मग तोंडभर कौतुक करून तुकडा द्या. ते चघळतंय तोवर दुसऱ्या हातानं सुपलीत किंवा कागदात शी उचला. घरात दोन माणसं असतील तर एकानं बोलवावं, एकानं उचलावं. काही दिवसांत पिल्लू आपण होऊन तुमच्याकडे वळायला लागतं. शी झाली की खाऊ तुमच्याकडे मिळतो, हे त्याच्या डोक्यात बसलेलं असतं.

इथं आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो. तासगावचा बेदाणा घराघरांत असतो, आणि मुलं बक्षीस म्हणून तोच पिल्लाला देतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. त्यानं मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल हे प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळं असतं. म्हणून एकही देऊ नका. डबा वर ठेवा. चुकून खाल्ला तर उलटीची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

खाण्याकडेही बघायला हवं. आपल्याकडे पिल्लू म्हटलं की दूध-भाकरी कुस्करून द्यायची पद्धत आहे. प्रेमानंच देतात, पण पुष्कळ पिल्लांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, पोट सुटतं. नुसत्या भाकरीवर वाढत्या अंगाला पुरेसं प्रथिन मिळत नाही. पोट अर्धं राहिलं की पिल्लू दिसेल ते खातं. पिल्लांसाठीचं चांगलं खाद्य परवडत असेल तर ते द्या. घरचंच द्यायचं असेल तर भाताबरोबर उकडलेलं अंडं, चिकन द्या, कांदा-लसूण-मसाला न घालता, आणि त्यात कॅल्शियम वगैरे काय लागेल ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तीन महिन्यांपर्यंत दिवसाचं खाणं चार वेळांत वाटून द्या. वेळा ठरल्या की शीच्या वेळाही ठरतात, आणि तुमचं काम सोपं होतं.

शीवर तिखट टाकणं, मिरपूड टाकणं, अननस खाऊ घालणं, बाजारातली पावडर आणणं, हे सगळं लोक करून बघतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 2018 साली या विषयावर मोठी पाहणी प्रसिद्ध केली. त्यात सुमारे 16 टक्के कुत्र्यांना ही सवय आढळली. ती मोडण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्या-पावडरींचा गुण फार तर 2 टक्के मालकांना आला. आणि बहुतेक कुत्री दोन दिवसांच्या आतली, ताजी शीच खातात, असं दिसलं. तेव्हा ते पैसे वाचवा आणि चटकन उचलायची सवय लावून घ्या.

गॅलरीत किंवा जिन्याखाली दिवसभर बांधून ठेवलेलं पिल्लू कंटाळूनही हे करतं. त्याला माणसांत ठेवा, चावायला काहीतरी द्या.

निरोगी पिल्लानं स्वतःची ताजी शी खाल्ली तर सहसा मोठा अपाय होत नाही. रस्त्यावरच्या दुसऱ्या कुत्र्याची खाल्ली तर मात्र जंत आणि पार्व्होसारखा जीवघेणा रोग येऊ शकतो. म्हणून लसी पूर्ण करा. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढं सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, वजन करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्या. कुत्र्याचे जंत माणसालाही बाधतात, तेव्हा मुलांना तोंड चाटू देऊ नका आणि पिल्लाशी खेळून झालं की साबणानं हात धुवायला लावा.

भरपूर खाऊनही पिल्लू वाळत असेल, पोट फुगलेलं दिसत असेल, शी पातळ, तेलकट किंवा रक्त पडल्यासारखी होत असेल, तर ती सवय न मानता आजार माना. येताना त्याच दिवसाची थोडी शी झाकणाच्या स्वच्छ डबीत घेऊन या. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसली तर औषध नेमकं देता येतं.