वाळू ढवळू नका

नमस्कार श्रोतेहो. आज वाळूबद्दल बोलायचं आहे. बांधकामाच्या वाळूबद्दल नाही. तो विषय काढला तर मला पुन्हा इथे बोलावणार नाहीत. ही वाळू खाऱ्या पाण्याच्या टाकीतली, जिच्यात प्रवाळ आणि समुद्री मासे राहतात. दुकानात ती ओल्या पिशवीतून मिळते, लाइव्ह सँड म्हणून. जिवंत वाळू.

वाळू जिवंत कशी? तर विरजणासारखी. दूध आहे, भांडं आहे, पण चमचाभर विरजण नसेल तर सकाळी दही नाही. या वाळूच्या कणाकणावर जीवाणू चिकटलेले असतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो. तो विषारी. जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे मासे बऱ्यापैकी सोसतात. म्हणून ही वाळू नळाखाली धुवायची नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि विरजण कुणी फिनेलने धुतं का? धुवायची नाही, आणि एकदा बसली की तळापर्यंत ढवळायची नाही. पुन्हा सांगतो, धुवायची नाही, ढवळायची नाही.

हे दुसरं मी कसं शिकलो ते सांगतो.

ठाण्याला आमची टाकी दोन वर्षं छान चालली होती. वाळू मागे दीड इंच, पण पुढच्या कोपऱ्यात चांगली चार इंच, कारण मला तिथे समुद्रकिनाऱ्यासारखा उतार हवा होता. हौस! श्रावणातला रविवार. गणपती तोंडावर, घरात आवराआवर. बायको म्हणाली, "सगळं घर घासतोय, तुमची ती टाकीही घ्या एकदा हातासरशी." गणपतीच्या आधी घर घासावं, पण घासण्याच्या भरात माणूस काय काय घासतो याला सुमार नाही. मी स्वयंपाकघरातला झारा घेतला, नवा होता म्हणून त्यावरून नंतर वेगळं ऐकलं, आणि त्या कोपऱ्यात तळापर्यंत खुपसून वाळू वर काढली.

खालून काळी वाळू आली. काजळासारखी. तिच्यातून दोन-चार बुडबुडे वर आले, फुटले, आणि घरभर नासक्या अंड्याचा वास.

पाच मिनिटांत बेल वाजली. शेजारच्या काकू, नाकाला पदर. "अहो, श्रावणात अंडी? आणि तीही नासकी?" मी म्हटलं, काकू, वाळू आहे. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. तोवर खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी गॅस गळतोय म्हणून सिलिंडरचं रेग्युलेटर काढलं आणि ते हातात घेऊन जिन्यात उभे राहिले. सोसायटीच्या सभेला कोरम होत नाही, पण वास आला की दहा मिनिटांत सगळे जिन्यात.

इकडे टाकीत क्लाऊनफिशची जोडी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होती. खोल वाळूत ऑक्सिजन पोचत नाही. तिथले जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा नासक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू तयार होतो. तळाशी दडून असतो तोवर त्रास नाही. मी त्याला झाऱ्याने वर आणलं होतं.

नशीब एवढंच, की पाणी बदलायचं म्हणून आदल्या दिवशी बादलीभर खारं पाणी कालवून ठेवलं होतं. मासे त्यात काढले, बॅटरीवरचा हवेचा पंप सोडला, खिडक्या उघडल्या, टाकीतलं पाणी बदललं, पाण्यातली घाण शोषणाऱ्या कोळशाची, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनची, पिशवी टाकली. जोडीतली मोठी, म्हणजे मादी, वाचली नाही. नर वाचला. आणि क्लाऊनफिशचं असं असतं, की मादी गेली की उरलेला नर काही महिन्यांत स्वतःच मादी होतो. आमचा झाला. त्याच्यासाठी नवा नर आणला, तो आकाराने निम्मा आहे आणि फार सांभाळून वागतो.

आता वाळू घालणाऱ्यांसाठी भराभर. आधी दगड थेट काचेवर बसवा, मग वाळू. नाहीतर एखादा खणकर मासा दगडाखालची वाळू उकरतो आणि दगड कोसळून काचेवर आदळतो. थर इंच-दीड इंच पुरे. दाणा जाड्या साखरेएवढा घ्या, पिठीसाखरेसारखा पंपाच्या झोतात उडतो. चालू टाकीत भर घालायची तर पंप बंद करून, एकेक कोपरा, आठवड्याच्या अंतराने. पिशवीवर काहीही लिहिलेलं असो, अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्याशिवाय मासा सोडायचा नाही. हाताला जखम असेल तर कोपरापर्यंत हातमोजे. नळीने पाणी तोंडाने ओढायचं नाही, ते रॉकेलच्या दिवसांतलं कसब आता विसरा. आणि बटणासारखे झोअँथिड, म्हणजे प्रवाळाचे भाऊबंद, चिकटलेला दगड कधीही उकळायचा नाही, त्यातलं पॅलिटॉक्सिन नावाचं जहर वाफेबरोबर फुफ्फुसात जातं.

किनाऱ्यावरची वाळू आणू का, असं हमखास विचारतात. नको. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोखंड-टायटेनियमचं खनिज असतं, शिवाय किनाऱ्याच्या पाण्यात काय मिसळलंय ते कुणी पाहिलंय? आणि प्रवाळाचे तुकडे तर नकोच नको. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत.

वरचा पातळ थर चाळायला मी आता एक सोनेरी डोक्याचा गोबी मासा ठेवलाय. तो वाळूचा घास घेतो, आतलं खाणं टिपतो आणि वाळू कल्ल्यांतून सोडतो. खाणं टाकलं की वाळूतून नॅसेरियस गोगलगाई सोंड उभारून वर येतात. ते बघायला शेजारच्या काकू हल्ली रोज संध्याकाळी येतात, खुर्ची ओढून बसतात. परवा मला विचारत होत्या, "वाळू जिवंत म्हणता, मग ही शाकाहारी की मांसाहारी?"

पुढच्या श्रावणापर्यंत विचार करून सांगतो म्हटलंय.