सिगार ओढणारे आजोबा

(आतित्लान सरोवर. सकाळची होडी.)

ग्वाटेमालाच्या डोंगराळ मुलखात, सुमारे 1,560 मीटर उंचीवर, एका जुन्या ज्वालामुखीच्या मुखात हे पाणी साठलंय. दुपारी ‘शोकोमिल’ वारा सुटला की होडीतला माणूस भिजलाच म्हणून समजा. काठावरच्या पानाहाचेल गावाहून निघणाऱ्यानं सकाळचीच होडी धरावी.

पलीकडच्या काठावर सांतियागो आतित्लान. इथले बहुतेक लोक माया, त्सुतुहिल बोलणारे. जुन्या वळणाच्या बायका डोक्याला लांबलचक लाल पट्टी गोल गुंडाळतात. देशाच्या 25 सेंताव्होच्या नाण्यावर तशीच पट्टी ल्यालेली बाई आहे, ती याच गावची.

धक्क्यावर उतरलात की पोरं विचारतात, “माशिमोन?” वाटाड्या लागतोच, कारण या दैवताला कायमचं देऊळ नाही. दर वर्षी मुक्काम नव्या मानकऱ्याच्या घरी.

(घराच्या आत.)

कोपाल या धुपाचा धूर डोळ्यांत जातो. जमिनीवर मेणबत्त्या, आणि मधोमध ठेंगणे आजोबा. गावकरी त्यांना ‘माम’ म्हणतात. अंग पांगाऱ्याच्या जातीतल्या लाकडाचं, गळ्यात रेशमी रुमालांचा ढीग, डोक्यावर हॅट, तोंडात सिगार. सेवेकरी सिगारची राख झटकतो, मूर्ती किंचित मागे कलती करतो आणि दारूचा घोट पाजतो. कुणी आजारपण घेऊन येतं, कुणी भांडण. फोटोचे पैसे वेगळे. त्यात वावगं काय? वर्षभर दार उघडं ठेवायचं म्हणजे खर्च आहेच.

(चर्च.)

1950 च्या सुमारास कॅथलिक पाद्र्यांनी माम संपवायचा चंग बांधला होता. त्या धामधुमीत गेलेला मामचा एक मुखवटा पॅरिसच्या संग्रहालयात पोचला आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस परत आला.

फादर स्टॅन्ली रॉदर वेगळे निघाले. 1968 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमाहून आले, त्सुतुहिल शिकले. भूकंपात मोडलेली चर्चमधली लाकडी वेदी गावच्याच दोन भावांनी सावरली. तिच्यात त्यांनी डोंगर कोरला आणि तो चढणारे मानकरीही. यादवीच्या काळात, 28 जुलै 1981 ला, रॉदर यांचा खून झाला. देह मायदेशी गेला, हृदय गावकऱ्यांनी इथंच ठेवून घेतलं. 2 डिसेंबर 1990 ला लष्करानं निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या, 13 जण गेले. त्यानंतर गावानं लष्कराला तळ हलवायलाच लावला.

(ईस्टरआधीचा पवित्र आठवडा.)

सोमवारी मामचे कपडे सरोवरात धुतले जातात. बुधवारी स्वारी नगरपालिकेत, तिथून चर्चलगतच्या छोट्या खोलीत. शुक्रवारी ख्रिस्ताची शवपेटी निघाली की ‘तेलिनेल’, म्हणजे मामचा वाहक, आजोबांना खांद्यावर घेऊन गर्दीत शिरतो. बाहेरचे लोक मामला यहूदा, म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य, म्हणून मोकळे होतात. इव्हँजेलिकल, म्हणजे प्रॉटेस्टंट, मंडळी तर सैतानच म्हणतात, आणि गावात त्यांची चर्चही आता बरीच झाली आहेत.