पंप नवा, खोकला जुना

[दृश्य: पत्र्याची शेड, बाहेर पाऊस. ट्रेलरवर पांढरी फायबरची बोट.]

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. धायरीतल्या या शेडला लागून लेथ चालतो, समोर चहाची टपरी आहे, आणि मधोमध ही सोळा फुटी बोट. मालकाला गळ टाकायचा नाद. नारळी पौर्णिमा झाली की बोट ताम्हिणी उतरून दिघीला, राजपुरीच्या खाडीत जाईल. तोवर तिच्या पोटातले दोन पंप मार्गी लागायला हवेत.

एक पंप आमिषाच्या टाकीचा. जिताडा हा शिकारी मासा जिवंत बोयीवर, म्हणजे आमिषाच्या लहान माशावर, जसा तुटून पडतो, तसा मेलेल्या माशावर पडत नाही. म्हणून बोय जगवायची, आणि त्यासाठी टाकीत खाडीचं ताजं पाणी सतत खेळवायचं. दुसरा पंप डेक धुण्याचा. खवले, रक्त, चिखल वेळीच धुतला नाही तर उन्हात काय होतं ते ज्याचं त्याला माहीत.

मागच्या मोसमात हा धुण्याचा पंप थांबायचाच नाही. आत घरघर चालू आणि नळीच्या तोंडाच्या बंदुकीतून (खटका दाबला की धार सोडणाऱ्या) पाणी थुंकल्यासारखं. मालकांनी वैतागून नवा पंप बसवला. दोन दिवसांत तोही थुंकायला लागला.

[दृश्य: मिस्त्री बोटीत वाकलेले, हातात टॉर्च.]

मिस्त्रींनी आयुष्यात बोटी फार पाहिलेल्या नाहीत. सिंहगड रोडवरच्या सोसायट्यांच्या पाण्याच्या लायनी मात्र त्यांना तोंडपाठ. पाच मिनिटं नुसता आवाज ऐकला आणि म्हणाले, "साहेब, पंपाला काही झालं नाही. लाइन एअर घेतीय."

पुणेकराला हे फोड करून सांगायची गरज नाही. गुरुवारी पाणी बंद, आणि 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने'. त्या शुक्रवारी नळ आधी खाकरतो, फुसफुसतो, मग कुठे धार धरतो. बोटीत तोच शुक्रवार रोज चालला होता.

दोन्ही पंप बारा व्होल्टचे, पण स्वभावाने अगदी वेगळे. टाकीचा पंप पंख्याचा. पाणी भरपूर देतो, जोर कमी. त्याला पाणी ओढून घेता येत नाही, ते त्याच्याकडे चालत यावं लागतं. म्हणून तो जलरेषेच्या, म्हणजे बोट पाण्यात जिथवर बुडते त्या रेषेच्या, खालीच बसवायचा, आणि त्याची होज टाकीपर्यंत चढतीच ठेवायची. मध्ये एक जरी झोळ पडला तरी तिथे हवा अडकते आणि पंखा नुसताच फिरतो. धुण्याचा पंप पडद्याचा, आतला रबरी पडदा मागेपुढे हलून पाणी ढकलतो. पाणी बेताचं, पण जोर दांडगा. तो पाणी स्वतः ओढतो, त्यामुळे थोडा वर बसला तरी चालतं. बंदुकीचा खटका सोडला की लाइनीत दाब चढतो आणि दाबाचा स्विच त्याला बंद करतो. दाब चढलाच नाही, तर तो थांबणार कसा?

मग हवा येते कुठून? बुडाला पाणी आत घ्यायचं एकच भोक, त्यावर एक टी (तीन तोंडांचा जोड), आणि टीच्या दोन तोंडांना दोन पंप. ज्याने कोणी बसवलं त्याने एक भोक वाचवलं. पंख्याच्या पंपात झडप नसते. तो बंद असला की त्याची होज टाकीच्या तोंडाशी हवेला उघडी असते. बाहेरच्या जाळीत शेवाळ अडकून पाणी कमी पडलं, की ओढणारा पंप दुसऱ्या वाटेने, थेट शेजाऱ्याच्या पोटातून, हवा खेचतो.

[दृश्य: निळा ड्रम स्टुलावर. पारदर्शक नळीत बुडबुडे.]

मिस्त्रींनी हे नुसतं सांगितलं नाही, दाखवलं. ड्रमातल्या पाण्याची पातळी बोटीच्या जलरेषेइतकी ठेवली, तिथून बुडाच्या भोकापर्यंत होज जोडली, आणि धुण्याच्या पंपाआधी वीतभर पारदर्शक नळी घातली. जाळीवर फडकं धरून पंप चालू केला. बुडबुड्यांची माळच सुरू झाली.

इथे एक गोम आहे. पंपाच्या पुढची लाइन गळली तर ओघळ दिसतो. मागची, म्हणजे ओढीची लाइन गळली तर बऱ्याचदा थेंबसुद्धा दिसत नाही, ती गपचूप हवा पिते. म्हणून त्या बाजूला तार घातलेली, न चेपणारी होज आणि प्रत्येक जोडाला स्टीलच्या दोन-दोन क्लिपा.

मिस्त्रींचा उपाय सरळ होता: टी काढा, दोन्ही पंपांना वेगवेगळं भोक द्या. "काका, आणखी एक भोक?" मालकांचा चेहरा उतरला. बोटवाल्याला बुडाला ड्रिल लावणं जिवावर येतं, आणि ते बरोबरच आहे. पण माझं मत मिस्त्रींच्या बाजूने. टीच्या एका भोकापेक्षा स्वतःचा कॉक असलेली दोन भोकं बरी. एक तुंबलं तर दुसरं चालतं, आणि होज फुटली तर तेवढाच कॉक बंद करता येतो. भोकाच्या कडा मात्र आधी रेझिनने बंद करायच्या. आत प्लायवूड असेल तर ते पाणी पिऊन कुजतं.

टाकीचं काम त्या मानाने सोपं. ती गोलसर हवी, कोपऱ्यात मासा तोंड घासत बसतो. पाणी कडेने तिरकं सोडायचं म्हणजे ते गोल फिरतं. आत येणारी नळी एक इंची असेल तर बाहेर जाणारी दीड इंची, कारण आत पंप ढकलतो, बाहेर पाणी नुसतं उतारानेच जातं. पंपाच्या खोक्यावरच्या आकड्यावर भुलू नये. तो पाणी वर न चढवता मोजलेला असतो. आणि पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मुरतो, तर ३० अंशांना साडेसातच. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. दुपारी मासे उलटे होतात ते यामुळे.

चाचणीला टाकीत महापालिकेचं पाणी भरलं होतं. टपरीवरचा पोरगा म्हणाला, "दोन मासे सोडून बघू?" मिस्त्री हसले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, मासा टिकायचा नाही.

[दृश्य: दिघी, पहाट. खाडीत बोट.]

टाकीत दहा-बारा बोयी, सगळ्यांची तोंडं येणाऱ्या पाण्याकडे. मालक डेक धुतायत. धार अखंड. त्यांनी बंदूक सोडली. पंप दोन सेकंद गुरगुरला आणि गप्प झाला. त्यांनी पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. धुण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.